परसातल्या कोंबड्यांची अंडी थंडीत बंद झाली होती, आता परत अंड्यावर येतायत: अनुभव, शंका, सल्ले

खारवेल | १२ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. कोंबड्यांवर इथे वेगळा धागा सापडला नाही म्हणून काढतेय. आम्ही दापोली तालुक्यात राहतो, घरामागे आंबा-काजूची झाडं आणि त्यांच्या खाली खुराडं. बहुतेक गावठी, शिवाय दोन गिरिराज (सुधारित जात) आणि एक कोंबडा. नवरात्र संपलं तशी एकेकीने पिसं टाकायला सुरुवात केली, मागच्या दारी नुसता पिसांचा सडा, आणि दिवाळीनंतर अंडी पूर्ण बंद. घरात मुलांना सकाळी अंडं लागतं त्यामुळे बाजारातून पांढरी आणत होतो.

आता या आठवड्यात तांबडीचा तुरा परत लालभडक झालाय. दुपारी पेंढ्यात शिरते, बाहेर येते, परत शिरते, कॉक कॉक करत सगळ्या पडवीभर फिरते. मी जवळ गेले की पंख थोडे पसरून जमिनीला टेकून बसते. शेजारच्या आजी म्हणाल्या ही आली बघ अंड्यावर. पण बाकीच्या अजून फिक्याच आहेत, आणि एकीच्या मानेवर तर अजून पिसं नीट आलेली नाहीत. सगळ्या एकदम का नाही येत? आता खाद्यात काय वाढवू? खुराड्यात बल्ब लावावा का? मला त्यांना ओढून ताणून अंड्यावर आणायचं नाहीये, पण आपल्याकडून काही कमी पडू नये एवढंच.

सुलभाकाकू | १२ जानेवारी, रात्री ९:४८

खारवेल, तुझं वाचून बरं वाटलं गो. आमच्या कुडाळकडे पण हेच चाललंय. माझी सासू सांगायची, तिकाय इसावो होयो मगे, म्हणजे तिलाही विसावा हवा ना. वर्षभर अंडी द्यायची, रवणीला म्हणजे अंडी उबवायला बसायचं, पिल्लं मोठी करायची, आणि मग पिसं नवी करायची, एवढं सगळं एका कोंबडीने करायचं तर मधे दोन-तीन महिने ती थांबणारच.

सगळ्या एकदम येत नाहीत कारण सगळ्यांनी पिसं एकदम टाकलेली नसतात. जी पहिली उघडी पडली ती पहिली येईल असं पण नाही हं. आमच्याकडे जी उशिरा आणि एकदम भसाभसा पिसं टाकते, अगदी बघवत नाही अशी होते, तीच लवकर आवरते आणि अंडं देते. जी भाद्रपदापासून एकेक पीस टाकत बसते ती शिमग्यापर्यंत तशीच.

खायला सुकट दे. जवळा नाहीतर करंदी. पण आधी पाण्यात भिजवून मीठ काढ, खारट सुकट कोंबडीला सोसत नाही. आणि तिसऱ्यांचे शिंपले टाकून देऊ नको, भाजून कुटून वाटीत ठेव.

आडवाट | १२ जानेवारी, रात्री १०:२०

काकूंनी पिसांचं सांगितलं ते एकदम बरोबर आहे, आणि ते पंखावर वाचता येतं. मी पाटण तालुक्यातला, आमच्याकडे आजोबांपासून कोंबड्या. रात्री कोंबडी शांत असते तेव्हा टॉर्च घेऊन एक पंख हलक्या हाताने उघडून बघा. बाहेरच्या बाजूला मोठी दहा पिसं असतात, मग मधे एक आखूड पीस, मग आतली. कोंबडी बाहेरची पिसं टाकताना त्या आखूड पिसाशेजारून सुरू करते आणि टोकाकडे जाते. जुनं पीस कडेला विटलेलं, फाटकं दिसतं, नवं चकचकीत आणि टोकाला गोल. एका पिसाला पूर्ण वाढायला साधारण सहा आठवडे लागतात. मंद कोंबडी एक टाकते, थांबते, मग दुसरं टाकते. चांगली कोंबडी तीन-चार एकदम टाकते म्हणजे ती सगळी एकाच वेळी वाढतात आणि तिचा वेळ वाचतो. पंख बघितला की अजून किती बाकी आहे ते कळतं, अंदाज बांधत बसायला नको.

पण एक करा, पिसं नळीत असताना म्हणजे निळसर काटे वर आलेले असतात ना तेव्हा कोंबडीला उगाच धरू नका. त्या नळीत रक्त असतं, दाबलं की दुखतं, आणि मोडली तर चांगलंच रक्त येतं. पोरांना पण सांगून ठेवा.

खारवेल | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

रात्रीच बघितलं आडवाट! तांबडीची सगळी नवी आहेत. मान उघडी असलेलीची टोकाकडची तीन अजून जुनी आणि एक नळीत. हे इतकं स्पष्ट दिसतं हे माहीत नव्हतं, खूप धन्यवाद.

जोंधळा | १३ जानेवारी, सकाळी ११:३०

मी बीड जिल्ह्यातून. आमच्या बचत गटातल्या बायका मिळून गावठी अंडी विकतो. लाइटबद्दल विचारलंय म्हणून लिहितेय. आम्ही लावतो. थंडीतच गावठी अंड्याला मागणी असते, १२ ते १५ रुपयाला एक जातं, आणि नेमकं तेव्हाच कोंबड्या बंद. ज्या बाईचं घर त्या पैशावर थोडंफार चालतं तिला दोन महिने थांब असं कसं म्हणायचं? आम्ही पहाटे पाचला ९ वॅटचा पिवळा एलईडी लावतो, उजाडलं की बंद. फरक पडतो, अंडी आठ-पंधरा दिवस तरी लवकर सुरू होतात असा आमचा सगळ्यांचा अनुभव.

सुलभाकाकू | १३ जानेवारी, दुपारी १२:१५

जोंधळाताई तुमची गरज कळते, पण मला ते पटत नाही. उघड्या अंगाच्या कोंबडीला पहाटे उठवून अंडं माग, तिने पिसं करावीत का अंडं करावं? एकातून काढून दुसऱ्यात घालायचं ते.

पशुसखा | १३ जानेवारी, रात्री ८:४०

मी पशुवैद्यक आहे, लातूर भागात काम करतो. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, जरा सविस्तर लिहितो.

कोंबडीला उजेड फक्त डोळ्यातून कळत नाही. कवटीच्या पातळ हाडातून तो थेट मेंदूपर्यंत पोचतो, तिथे हायपोथॅलॅमसमध्ये तो ओळखणाऱ्या पेशी असतात. दिवस मोठा होतोय असं तिथे नोंदलं गेलं की पिट्युटरी ग्रंथीतून संप्रेरकं सुटतात आणि अंडाशय जागं होतं. लाल-पिवळसर उजेड हाडातून जास्त आत जातो म्हणून पांढऱ्या निळसर ट्यूबपेक्षा पिवळा बल्ब बरा. व्यावसायिक लेयर म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या फार्मवर १६ तास उजेड देतात तो याचसाठी.

पण आपल्याकडचं गणित वेगळं आहे आणि हे नीट समजून घ्या. महाराष्ट्रात २२ डिसेंबरच्या आसपास सगळ्यात लहान दिवस असतो तोही ११ तासांचा, आणि जूनमधला मोठा १३ तासांच्या थोडा वर. म्हणजे फरक जेमतेम दोन सव्वादोन तासांचा. एवढ्या फरकाने कोंबडीचा हंगाम हलतो हे खरं, पण परसातली कोंबडी आपल्याकडे थंडीत बंद होते त्यात पिसं टाकणं आणि खाद्य यांचा वाटा फार मोठा आहे. पीस म्हणजे जवळपास ८५ टक्के प्रथिन. सगळं अंग नव्याने मढवायचं आणि खायला मिळतंय काय, तर तांदळाची कणी, ज्वारीचे चार दाणे आणि उरलेली भाकरी. मग ती पिसं करायलाच तीन महिने घेते, अंड्याची गोष्ट लांब. बल्ब लावून मेंदूला सांगता येतं की वसंत आला, पण अंड्यातलं प्रथिन बल्बमधून येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आधी खाद्य, पिसं पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतर ज्याला विक्रीसाठी गरज आहे त्याने उजेड वाढवावा. तोही एकदम चार तास नाही, दर आठवड्याला अर्धा तास, एकूण १४ तासांपर्यंत पुरे. पहाटेच लावायचा हे जोंधळाताई बरोबर करताहेत. संध्याकाळी लावून फटकन बंद केला तर कोंबड्या अंधारात खालीच अडकतात, दांडीवर चढता येत नाही. आणि एकदा सुरू केला की मधेच बंद करायचा नाही, नाहीतर दिवस लहान झाला असं समजून परत पिसं टाकतील. लोडशेडिंग असेल तिथे हा विचार आधी करा.

अजून एक. उपाशी ठेवून, पाणी तोडून सगळ्यांना एकदम पिसं टाकायला लावायची पद्धत काही फार्मवर होती. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ सालीच ती बंद करायला सांगितलंय. परसात कुणी असला सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका.

जोंधळा | १३ जानेवारी, रात्री ९:२५

डॉक्टर हे फार बरं समजावलंत. काकू तुमचा मुद्दा मी मीटिंगमधे मांडणार, पिसं पुरी झालेल्या वेगळ्या काढून त्यांनाच लाइटच्या खुराड्यात ठेवायचं असं करता येईल. खाद्याचं जरा आकड्यात सांगा ना, बायका विचारतात किती म्हणजे किती.

पशुसखा | १३ जानेवारी, रात्री १०:१०

दिवसभर मोकळी फिरणारी कोंबडी असेल तर संध्याकाळी मूठभर म्हणजे ४०-५० ग्रॅम मिश्रण बास, बाकी ती शोधते. कोंडून ठेवलेली असेल तर १०० ते १२० ग्रॅम. लेयर खाद्यात प्रथिनं १६ ते १८ टक्के असतात. घरी करायचं तर मक्याचा किंवा ज्वारी-बाजरीचा भरडा निम्म्याहून थोडा जास्त, सोयाबीन पेंड पाव भाग, उरलेल्यात भाताचा कोंडा, थोडं सुकट आणि मिनरल मिक्श्चर. शेंगदाणा पेंड चालते पण ओल लागलेली, कुबट वास येणारी असेल तर फेकून द्या, त्या बुरशीचं विष यकृत खराब करतं. अझोला (पाण्यावर वाढणारं हिरवं नेचं) करत असाल तर उत्तम पण नुसत्या अझोल्यावर भागत नाही.

शिंपला मात्र खाद्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. अंड्यावर येणारी कोंबडी आधी दहा-पंधरा दिवस लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियम साठवायला लागते, तेव्हा ती आपणहून शिंपल्याकडे जाते. जिला गरज नाही ती तोंड लावत नाही. जी वाटीपाशी सारखी दिसते तिच्यावर लक्ष ठेवा, पुढचं अंडं तिचं.

निळीशाई | १४ जानेवारी, सकाळी ६:३०

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. मी सिएटलहून. हे वाचून फार छान वाटलं, आमच्या बॅकयार्डात पण चार कोंबड्या आहेत, दोन ऱ्होड आयलंड रेड, दोन ऑस्ट्रलॉर्प. कोंबडा पाळायला शहरात परवानगी नाही. इथे डिसेंबरात दिवस साडेआठ तासांचाही नसतो, सकाळी आठला उजाडतं आणि साडेचारला अंधार. त्यामुळे डॉक्टरांनी तिकडे उजेडाचा फरक थोडा म्हटलंय ते इथे उलटं आहे, खाद्य पहिल्यापासून लेयर पेलेट, तरी ऑक्टोबर अखेरीस सगळ्या बंद. लाइट न लावणारे आम्ही फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वाट बघतो, दिवस दहा तासांच्या पुढे गेला की पहिली ऑस्ट्रलॉर्प सुरू होते.

इथले बरेच जण जोरदार हीट लॅम्प लावतात आणि त्याने दरवर्षी खुराडी जळतात. कृपया तिकडे पण पेंढा आणि तापणारा बल्ब एकत्र आणू नका. एलईडीच, आणि तारा कोंबड्यांच्या चोचीपासून लांब.

माळरान | १४ जानेवारी, सकाळी ९:५०

निफाडहून. आमच्याकडे थंडीत पारा कधी ५ अंशांच्या पण खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो आम्ही. पण कोंबडी थंडीने बंद होते असं मला वाटत नाही, कोरडी जागा आणि मागून वारा अडवलेला असला की ती मजेत असते. ओल आणि अमोनियाचा वास हा खरा शत्रू. रात्री खुराडं गच्च बंद करतात लोक, सकाळी दार उघडलं की डोळे झोंबतात, तिथे कोंबडी कशी सुधारणार? वरच्या बाजूला जाळी ठेवा.

बागायतदारांना अजून एक विनंती. बागेत फवारणी झाली की लेबलवर लिहिलेले दिवस कोंबड्या आत सोडू नका. पडलेले किडे त्या पहिल्यांदा खातात. नुसती अंडी बंद होण्यावर भागलं तर नशीब.

खारवेल | १४ जानेवारी, दुपारी २:४०

सर्वांना तिळगूळ! आणि बातमी आहे, तांबडीने अंडं दिलं! पण लहान आहे, लांबट, आणि कवचावर रक्ताची बारीक रेघ. खायचं का? का काही झालंय तिला?

आडवाट | १४ जानेवारी, दुपारी ३:०५

काही झालेलं नाही, अभिनंदन. सुट्टीनंतरचं पहिलं असंच असतं. धुवून खुशाल खा.

पशुसखा | १४ जानेवारी, रात्री ८:१५

बरोबर. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय आणि डावी अंडनलिका काम करते, आणि पिसं टाकण्याच्या काळात ही नलिका आकसून अगदी बारीक होते. परत रुळायला थोडे दिवस लागतात. पहिली काही अंडी लहान, मऊ कवचाची, कधी कवचाशिवाय नुसत्या पापुद्र्यात, कधी दोन बलकांची निघतात. रक्ताची रेघ वाट परत ताणली गेल्याची. बलकापासून पूर्ण अंडं व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले २० तास नुसतं कवच चढायला, म्हणून दुसरं अंडं उद्याच दिसेल असं नाही, परवा येईल. दोन-तीन आठवडे झाले आणि तरी कवच मऊ किंवा सुरकुतलेलं येत असेल तर मात्र दाखवून घ्या.

काळजी कधी करायची ते पण सांगतो. कोंबडी शेपूट खाली टाकून पिसं फुगवून उभी, सारखी कळ देतेय आणि काही येत नाही, तर अंडं अडकलेलं असू शकतं. कोमट पाण्यात तिचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग अंधाऱ्या उबदार जागी शांत ठेवा. आतलं अंडं दाबून काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर कोंबडी जाते. काही तासात सुटली नाही तर दवाखाना.

रानजाई | १५ जानेवारी, सकाळी १०:२०

माझी वेगळी तक्रार आहे. माझ्या कोंबडीने पिसं कधीच पूर्ण केली, तुरा लाल, शिंपला खाते, दुपारी ओरडते, पण अंडं एक नाही. पंधरवडा झाला. खाद्यही सगळं व्यवस्थित.

सुलभाकाकू | १५ जानेवारी, सकाळी १०:४५

अगो ती देतेय, तुला मिळत नाहीये. सुट्टीनंतर कोंबडी जागा बदलते. गवताची उडवी, लाकडाची रास, माळा, बंद पडलेली चूल, शेजाऱ्यांचा गोठा, सगळं बघ. सकाळी उशिरापर्यंत डालून ठेव, दहा-अकरा वाजता सोड आणि लांबून नुसती बघत राहा. ज्या कोंबडीला अंडं आलंय ती खायला थांबत नाही, सरळ आपल्या जागेकडे जाते. आणि सोडायच्या आधी बोटाने चाचपून बघ, अंडं असलं तर हाताला लागतं, गावात सगळ्या बायका असंच बघतात.

आडवाट | १५ जानेवारी, दुपारी १:३०

चाचपायचं नसेल तर दुसरी खूण. कोंबडीला उजव्या काखेत धरा, शेपटीखाली दोन्ही बाजूला बारीक हाडांची टोकं लागतात. अंड्यावर असलेलीची मधे दोन-तीन बोटं मावतील इतकी एकमेकांपासून लांब असतात आणि मऊ वाकतात. बंद असलेलीच्या मधे एक बोट जेमतेम मावतं. आणि गुदद्वार बघा, अंडी देणारीचं ओलसर, मोठं आणि फिकट असतं, बंद असलेलीचं आवळलेलं, कोरडं. पिवळ्या पायाच्या कोंबड्यांमधे चोच आणि पायाचा पिवळेपणा पण अंडी देता देता उतरतो, खाद्यातला पिवळा रंग तेव्हा बलकाकडे जातो.

रानजाई | १५ जानेवारी, संध्याकाळी ६:५५

सापडलं!! गाडीच्या शेडमधे जुन्या टायरच्या आत. अकरा अंडी. आता ही किती जुनी हे कसं कळणार?

जोंधळा | १५ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

पाण्याच्या पातेल्यात सोड. आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण शिजवून चालतं, तरंगलं तर टाकून दे. आम्ही विकायच्या आधी सगळी अशीच बघतो. पण पाण्यात सोडलेली अंडी मग ठेवायची नाहीत, कवचावरचा थर जातो, लगेच संपवायची.

आणि तिला परत खुराड्यात घालायला लावायचं असेल तर टायर हलव आणि खुराड्यातल्या टोपलीत एक खोटं अंडं ठेव, लाकडाचं किंवा पांढरा गोटा. टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात, दांडीपेक्षा खाली. दांडीच्या वर ठेवली तर रात्री तिच्यातच झोपतात आणि घाण करतात.

निळीशाई | १६ जानेवारी, सकाळी ७:००

आमच्याकडे गोल्फचा बॉल ठेवतात :) छान चालतो.

माळरान | १६ जानेवारी, सकाळी ११:१०

खुडूक म्हणजे अंडी द्यायचं सोडून उबवायला बसणाऱ्या कोंबडीचं पण कुणीतरी लिहा. आमच्या एकीने सुट्टीनंतर मोजून बारा-तेरा दिली आणि लगेच खुडूक. परत अंडी बंद.

सुलभाकाकू | १६ जानेवारी, दुपारी १२:०५

गावठी आहे ना, ती बसणारच. माझ्या मते तर हीच खरी वेळ बसवायची. आत्ता बसवली की फेब्रुवारीत पिल्लं निघतात आणि पावसाच्या आत चांगली तलंगं होतात. उशीर केला आणि मे महिन्यात निघाली तर आधी ऊन आणि मग लगेच ओल, पिल्लं वाचत नाहीत. बसवायची नसेल तर तिला टोपलीतून उठव.

आमच्याकडे पूर्वी नाकात पीस घालायचे, पाण्यात बुचकळायचे. मला ते कधी बघवलं नाही.

पशुसखा | १६ जानेवारी, रात्री ९:००

काकू, ते दोन्ही करू नयेच. नाकातल्या पिसाने जखम होते, थंडीत बुचकळून कोंबडी आजारी पडते. खुडूक होणं हे प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे, आणि पोटाखालची ऊब त्याला टिकवते. म्हणून खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून उंचावर, पेंढा न घालता, खायला प्यायला देऊन तीन-चार दिवस ठेवा. बहुतेक सुटतात. मग साधारण दोन-तीन आठवड्यात परत अंड्यावर येते. जितक्या लवकर पिंजऱ्यात घालाल तितकी लवकर येते, आठवडाभर बसू दिली की वेळ वाढतो.

कोंबडी अंड्यावर यायच्या आधीच्या या काळात जंताचं औषध आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस उरकून घ्या. अंडी चालू असताना लस दिली तर काही दिवस अंडी घटतात, आणि जंताच्या औषधानंतर लेबलवर सांगितलेले दिवस अंडी खायची नसतात. शिवाय रात्री टॉर्च मारून दांडीच्या फटी बघा, लाल माइट म्हणजे बारीक कोळी किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री रक्त पितात. कोंबडी फिकी, अंडी नाहीत आणि आजार काही सापडत नाही अशा वेळी बऱ्याचदा कारण तिथेच असतं. राख आणि कोरडी माती घालून एक खड्डा करून द्या, त्यात त्या स्वतः लोळतात.

आणि एक गंभीर गोष्ट. सुट्टीवरची कोंबडी खाते, फिरते, माती उकरते. आजारी कोंबडी खात नाही. एक-दोन दिवसात एकापाठोपाठ कोंबड्या मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तोंड सुजलं, तर हात लावू नका, कापून खाऊ नका, विकू नका, लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापूरला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात. दोन्ही वेळा थंडीचेच दिवस होते.

खारवेल | १९ जानेवारी, रात्री ९:३०

सगळ्यांचं वाचून ठरवलं ते लिहिते. बल्ब लावणार नाही, आम्हाला विकायची नाहीत आणि इथे दिवस आता वाढायला लागलाच आहे. खाद्यात धुतलेला जवळा आणि सोयाबीन पेंड सुरू केली, शिंपल्याची वाटी वेगळी. काल दोघी वाटीपाशी होत्या, काळी आणि एक गिरिराज, दोघींचे तुरे रंगायला लागलेत. मान उघडी असलेलीला आता बारीक पिसं फुटलीत, तिच्या मागे लागणार नाही, तिचा वेळ घेऊ दे.

तांबडी खुडूक झाली तर काकू म्हणतात तशी बसवेन. तिच्याखाली किती ठेवू? आणि आता मिळतायत ती अंडी तिच्यासाठी जमवून ठेवली तर चालतील का?

सुलभाकाकू | १९ जानेवारी, रात्री ९:५५

गावठी कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा मावतात, थंडी आहे तोवर दहाच ठेव. सगळी एकाच दिवशी ठेवायची. सुट्टीनंतरची पहिली लहान अंडी नको, ती खा. नीट आकाराची यायला लागली की मग जमव.

पशुसखा | १९ जानेवारी, रात्री १०:२०

सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. धुवायची नाहीत, थंड सावलीच्या जागी टोकाची बाजू खाली करून ठेवायची, फ्रिजमधे नाही. आणि कोंबडा पण बघा, त्यानेही पिसं टाकली असतील तर त्याचं काम काही दिवस मंद असतं. बसवल्यावर सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर धरून बघा, आत शिरांचं जाळं दिसलं तर फळलंय, नुसतं पारदर्शक असेल ते काढून टाका. २१ दिवस लागतात. अठराव्या दिवसानंतर अंडी हलवू नका आणि तिलाही उठवू नका, खाणं-पाणी जवळ ठेवा.

खारवेल | १९ जानेवारी, रात्री १०:३५

कोंबड्याची शेपूट अजून अर्धीच आलीये, म्हणजे थांबते जरा. पुढच्या आठवड्यापासून जमवायला घेते.